अमेरिकी सरकारला टाळे का लागते?

अमेरिकेचे सरकारी आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी काँग्रेसने खर्चाची १२ विधेयके मंजूर करायची आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांवर सही करायची, असा क्रम आहे. तो क्वचितच पाळला जातो. बहुतेक वर्षी तात्पुरती मंजुरी घेऊन काम रेटले जाते. तीही मिळाली नाही, की कार्यालये बंद पडतात. हेच ‘शटडाऊन’.

राज्यघटनेत त्याचा उल्लेख नाही. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, एवढेच तिथे म्हटले आहे. १८८४ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांकडून विनावेतन काम करून घेण्यालाही मनाई केली. तरीही मंजुरी लांबली तर खाती हात आखडून का होईना, चालू राहत. १९८० मध्ये अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायदा काटेकोर पाळावा, असे मत दिले आणि ही सोय संपली. पुढच्या वर्षी त्यांनी जीवित व मालमत्तेच्या रक्षणाची कामे त्यातून वगळली. आजचे सगळे शटडाऊन या दोन मतांवर उभे आहेत.

भारतात अर्थसंकल्प लांबला तर लेखानुदान घेतात, आणि लोकसभेत तो फेटाळला गेला तर सरकारच जाते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस दोघांचीही मुदत ठरलेली. अडवणुकीमुळे कुणाचीच खुर्ची जात नाही. म्हणून ती लांबते. २०१८-१९ मध्ये मेक्सिको सीमेवरील भिंतीवरून ३५ दिवस, तर २०२५ मध्ये आरोग्य विम्याच्या अनुदानावरून ४३ दिवस. २०२५ मध्ये सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३ होते, पण चर्चा संपवून मतदान घ्यायला ६० मते लागतात.

या काळात खासदारांचा पगार सुरू राहतो. विमानतळांवरचे हवाई वाहतूक नियंत्रक मात्र पगाराविना कामावर येतात. २०१९ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांना थकबाकीची हमी दिली. कंत्राटदाराकडच्या सफाई कामगाराला तीही नाही. हा अन्याय उघड आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात सुमारे ४ कोटी २० लाख गरिबांची अन्नमदतही रखडली. मराठी घरांना परिचित असलेल्या एच-१बी व्हिसासाठी श्रम खात्याचे प्रमाणपत्र लागते. २०१३ प्रमाणे २०२५ च्या शटडाऊनमध्येही ते काम थांबले आणि नवे अर्ज अडकले.

मुदत संपली तर जुन्याच दराने खर्च आपोआप चालू ठेवावा, अशी विधेयके अनेकदा मांडली गेली. ती अडली, कारण खर्च रोखण्याची धमकी हे काँग्रेसचे मोठे हत्यार आहे आणि ते खाली ठेवायला तिथले अनेक सदस्य तयार नाहीत.