क्रमांक उरला, नाव हरवले

साम्राज्ये लयाला जातात. त्यांची दप्तरे मात्र मागे राहतात. फ्रान्सच्या वसाहती सैन्यात पश्चिम आफ्रिकेतून भरती झालेल्या आपल्या पणजोबांचा शोध घेऊ पाहणाऱ्या माणसाला अखेर या दप्तरांच्याच दारी जावे लागते. हा शोध वरकरणी घरगुती वाटतो. परंतु ज्या राज्यसंस्थेने माणूस नेला, तिने त्याचा हिशेब त्याच्या वंशजांना द्यावयास नको काय, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

'सेनेगाली' बंदूकधाऱ्यांची फौज १८५७ साली उभी राहिली. तिच्या नावावर विसंबणाऱ्या शोधकाची पहिली फसगत तेथेच होते. कारण हे सैनिक केवळ सेनेगलचे नव्हते. आजच्या माली, गिनी, नायजर, बेनिन, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो या प्रदेशांतूनही ते आणले गेले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतून सुमारे पावणेदोन लाख माणसे भरती झाली आणि त्यांपैकी जवळजवळ तीस हजार परतली नाहीत.

दुसरी अडचण नावाची. भरतीच्या वेळी कारकुनाने जे ऐकले ते त्याने फ्रेंच वर्णांत उतरवले. त्यामुळे एकच आडनाव निरनिराळ्या रूपांत आढळते. जन्मनोंदीची प्रथा नसल्याने जन्मसालही अदमासाने लिहिले जाई. गावाचा पत्ताही स्थिर नाही. वागाडुगूजवळच्या खेड्यातील माणूस १९१५ साली भरती झाला असेल, तर त्याचा प्रांत 'वरचा सेनेगल व नायजर'. तेच खेडे १९१९ साली अप्पर व्होल्टात गेले, १९३२ साली ती वसाहत मोडून आयव्हरी कोस्टला जोडले गेले, १९४७ साली पुन्हा अप्पर व्होल्टात आले आणि १९८४ पासून बुर्किना फासोत आहे. अशा वेळी खरा आधार एकच उरतो : सैनिकाचा नोंदणी क्रमांक.

'फ्रान्ससाठी मृत' ठरलेल्या पहिल्या महायुद्धातील तेरा लाखांहून अधिक सैनिकांची पत्रके २००३ पासून संगणकावर खुली आहेत. त्यांत पलटण, नोंदणी क्रमांक आणि मृत्यूचे स्थळ व दिनांक मिळतो. पलटणीचे नाव हाती आले, की तिच्या युद्धदैनंदिनीवरून सैनिकाचे अखेरचे दिवस जुळवता येतात. परंतु विरोधाभास असा, की मेलेल्याचा शोध सोपा आणि जगून परतलेल्याचा अवघड! परतलेल्यांचे कागद फ्रान्समधील लष्करी दप्तरखाने आणि पूर्वीच्या वसाहतींतील दप्तरे यांत विखुरलेले आहेत.

त्यातच 'फ्रान्ससाठी मृत' कोणाला म्हणावयाचे, हे ठरवणारेही सरकारच. १ डिसेंबर १९४४ रोजी डाकारजवळच्या तियारोय छावणीत, जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला, तेव्हा फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा पस्तीस मृतांचा. इतिहासकार तो मान्य करीत नाहीत. त्यांपैकी सहा जणांना 'फ्रान्ससाठी मृत' ही मान्यता मिळावयास २०२४ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या घटनेला हत्याकांड म्हटले. २०२५ साली सेनेगलने तेथील दफनभूमीत उत्खनन सुरू केले. जे कागदाने सांगितले नाही, ते आता मातीला विचारावे लागत आहे.

ग्रियो म्हणजे वंशावळ मुखोद्गत ठेवणारे भाट. पश्चिम आफ्रिकेत त्यांची परंपरा जुनी आहे. घराण्याचे नाव त्यांच्या मुखी आहे आणि क्रमांक फ्रान्सच्या कपाटात. या दोहोंची गाठ घालून देणे फ्रान्सला अशक्य नाही. लष्करी नोंदींच्या संपूर्ण प्रती डाकार, बामाको, वागाडुगू येथे पोहोचल्या पाहिजेत. तो उपकार नव्हे, ती परतफेड होय. ज्यांना एका हुकमासरशी गावातून उचलून नेता आले, त्यांची नावे गावी परत पाठविण्यास शतक लागावे, याला केवळ दप्तरदिरंगाई म्हणता येणार नाही.