खाल्लेल्या तुपाचे शरीरात काय होते?

खाल्लेले तूप किंवा तेल जसेच्या तसे रक्तवाहिन्यांना आतून थापले जाते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात आहारातील मेद मुख्यतः ट्रायग्लिसराइड (ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडून बनलेला रेणू) या रूपात असतो आणि त्या रूपात तो आतड्याची भिंत ओलांडूच शकत नाही. लहान आतड्यात पित्तरस मेदाचे बारीक थेंब करतो, स्वादुपिंडातून आलेले लायपेज (मेद तोडणारे विकर) तीनपैकी दोन मेदाम्ले सुटी करते, आणि आतड्याच्या पेशींत शिरल्यावर हे तुकडे पुन्हा जोडले जातात. अरुंद दारातून कपाट सुटे करून न्यावे आणि खोलीत पुन्हा उभे करावे, तसा हा प्रकार आहे. हा मेद प्रथिनांच्या वेष्टनात लसिकावाहिन्यांतून रक्तात येतो, तेथून स्नायू तो ऊर्जेसाठी वापरतात किंवा मेदपेशी साठवतात. खोबरेल तेलातील काही मध्यम साखळीची मेदाम्ले मात्र हा वळसा टाळून थेट यकृताकडे जातात.

मग तुपाविषयीची सावधगिरी निराधार ठरते काय? तसे नाही. संपृक्त मेदाम्ले (ज्यांच्या कार्बन-साखळीत दुहेरी बंध नसतात) आहारात वाढली की यकृत रक्तातील एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) कमी उचलते, आणि हे साचलेले कणच रक्तवाहिन्यांना बाधतात. त्या मेदाम्लांची जागा शेंगदाणा वा करडईच्या तेलातील असंपृक्त मेदाम्लांनी घेतली, तर कण घटतात. उष्मांकांत मात्र तूप आणि तेल असा भेद नाही: दोहोंच्या प्रत्येक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात.