एका चिन्हाची दुरुस्ती

थानावर चाळीस मीटर लिहिले आणि आत साडेएकोणचाळीस निघाले, तर कापड कितीही चांगले असो, गिऱ्हाइकाचा भरवसा उडतो. संगणकाच्या प्रोग्रामबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेचेही तसेच आहे. हा धडा आम्हाला आमच्याच उधारीने दिला.

आमच्या दुकानाचा हिशेब एका मोफत, ओपन सोर्स प्रोग्रामवर चालतो. ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येते, तो ओपन सोर्स प्रोग्राम. १९९१ साली सुरू झालेले लिनक्स आणि २०१० पासूनचे, मराठीतही मिळणारे लिब्रेऑफिस ही त्याची नामांकित उदाहरणे.

४५ दिवसांची किंवा त्याहून जुनी उधारी आम्हाला वेगळी काढायची होती. पुस्तिकेतले वाक्य बरोबर होते, पण खालच्या सूत्रात नुसते 'पेक्षा मोठे' हे चिन्ह होते. बरोबरीचे चिन्ह राहून गेले होते. आम्ही सूत्र जसेच्या तसे उतरवले. बरोबर ४५ दिवसांची बिले यादीतून गळाली. यादी आम्ही महिन्यातून एकदाच काढतो, त्यामुळे ती बिले पुढच्या महिन्यापर्यंत तगाद्याविना पडून राहिली.

आम्ही चिडलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, रागावता कशाला? ही चूक आपल्यालाही दुरुस्त करता येते."

त्याने आधी ती कोणी कळवली आहे का ते पाहिले. नव्या आवृत्तीतही ती आहे याची खात्री केली. मग मूळ मजकुराची प्रत घेऊन तेवढे एकच चिन्ह घातले, सूत्र चालवून पाहिले आणि दोन ओळींत कारण लिहून बदल मंजुरीसाठी पाठवला. प्रोग्राम सांभाळणाऱ्यांनी तपासून तो स्वीकारला. असे बदल बहुधा 'गिट' या प्रणालीत नोंदले जातात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. कोणी, केव्हा, काय बदलले हे रोजकीर्दीप्रमाणे तिच्यात कायम राहते.

आम्हाला प्रश्न पडला, एवढ्या हुशार लोकांना ही चूक दिसली कशी नाही? उत्तर सोपे आहे. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याला सूत्र पाठ असते. तो पुस्तिका कशाला उघडेल? चूक नवख्याला अडते, म्हणून नवख्यालाच दिसते.

या कामाचा मान मोठा आहे. 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचे कर्ते, अमेरिकेचे डोनाल्ड नुथ, आपल्या पुस्तकातली चूक प्रथम दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा धनादेश पाठवत. पुष्कळांनी तो वटवला नाही, चौकटीत लावून ठेवला. २००८ पासून नुथ धनादेशाऐवजी प्रमाणपत्र देऊ लागले.

उलट उदाहरणही आहे. २०२० साली 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. टी-शर्टसाठी अनेकांनी चांगल्या मजकुरात उगाच एखादा शब्द घुसडून 'दुरुस्त्या' पाठवल्या. त्या तपासता तपासता सांभाळणारे लोक हैराण झाले. शेवटी जे प्रकल्प स्वतः सामील होतील तेवढेच धरायचे, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला. आम्ही कापडवाले, टी-शर्टची किंमत आम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी दुसऱ्याचा वेळ वाया घालवणे हा तोट्याचा सौदा होय.

आपल्या मुलामुलींपैकी अनेक जण संगणक शिकत आहेत. काम कोठून सुरू करावे, असे ते विचारतात. त्यांना सांगावे, जो प्रोग्राम रोज वापरता त्याची पुस्तिका ओळीओळीने वाचा आणि त्यात सांगितलेले प्रत्यक्ष करून पाहा. चूक सापडली तर एका वेळी एकच सुधारा आणि कारण लिहा. नाकारली गेली तर का ते विचारा. ज्यांना हे जमत नाही त्या कारागीर बंधूंनी निदान चूक कळवावी. आमची यादी आता बरोबर निघते आणि तेच सूत्र उतरवणाऱ्या दुसऱ्या दुकानदाराचीही निघेल.