तक्रार म्हणजे पुरावा नव्हे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ऑनलाइन बुद्धिबळाचा एखादा डाव खेळायची आम्हाला सवय आहे. त्या रात्री समोर आलेल्या अनोळखी खेळाडूचे मानांकन आमच्यापेक्षा दीडशे गुणांनी कमी होते. तरीही चोविसाव्या खेळीला त्याने आमच्यावर मात केली. त्याची एकही खेळी चुकली नाही, असे आम्हाला वाटले. 'हा नक्कीच संगणकाला विचारून खेळतोय' असे पुटपुटत आम्ही तक्रारीचे बटण दाबले आणि झोपलो.

सकाळी डोके शांत झाल्यावर तोच डाव संगणकाकडून तपासून घेतला. नवव्या खेळीला आम्ही घोडा चुकीच्या घरात नेला होता. पुढे प्रतिस्पर्ध्याकडूनही दोन ठळक चुका झाल्या होत्या. आम्हाला त्या दिसल्याच नव्हत्या. आणि आमचा वजीर अडकल्यानंतरच्या त्याच्या खेळ्या तर शाळेतल्या मुलालाही सुचल्या असत्या. म्हणजे तक्रार करताना आमच्याजवळ पुरावा नव्हता, होता फक्त हरल्याचा राग.

आज शाळाशाळांतली मुले फोनवर बुद्धिबळ खेळतात, आणि 'तो चीटिंग करतो' हे वाक्य वर्गातही ऐकू येते. म्हणून संशय, तक्रार आणि पुरावा या तीन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या, ते पाहू.

समोरासमोरच्या खेळात प्रतिस्पर्धी डोळ्यांपुढे असतो. हात लावलेले मोहरे चालवायचे, डाव संपला की हात मिळवायचा, हे नियम आणि रीत तिथे आपोआप पाळली जाते. पडद्याआडच्या खेळाडूचे आपल्याला फक्त नाव आणि घड्याळ दिसते. साहजिकच गैरवर्तनाचे प्रकारही वेगळे होतात. हरणारा डाव न सोडता वेळ संपेपर्यंत मुद्दाम थांबून राहणे, मधेच निघून जाणे, संवादाच्या चौकटीत शिवीगाळ करणे, सोपे प्रतिस्पर्धी मिळावेत म्हणून जाणूनबुजून हरून मानांकन खाली आणणे आणि सर्वांत गंभीर म्हणजे संगणकाची मदत घेणे.

यातली शिवीगाळ लिखित स्वरूपात राहते, तिचा निवाडा सोपा. पण 'पळून गेला' हा आरोपसुद्धा वाटतो तितका सरळ नसतो. २०२० सालच्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत भारताची गाठ रशियाशी होती आणि भारतीय संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. सामन्यात निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा इंटरनेटचा संपर्क तुटला आणि ते दोघे वेळेवर हरले. संपर्क तुटण्यामागे इंटरनेटसेवेतला मोठा बिघाड होता. भारताने दाद मागितली आणि शेवटी जागतिक संघटनेने दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले. जगज्जेत्या संघाच्या बाबतीत असे घडते, तर वीज गेलेल्या घरातल्या मुलाला आपण पळपुटा कसे म्हणणार?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. संगणकाची मदत घेतली, हे ओळखायचे कसे?

१९९७ साली डीप ब्लू या संगणकाने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा त्यासाठी खास बांधलेले यंत्र लागले होते. आज खिशातल्या फोनमधला फुकट मिळणारा प्रोग्रॅम कोणत्याही माणसाला सहज हरवतो. म्हणजे मोह प्रत्येकाच्या हाताशी आहे आणि त्याला बळी पडणारेही आहेत. जून २०२१ मध्ये कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंदने अनेक नामवंतांशी ऑनलाइन डाव खेळले. त्यांतल्या एका उद्योजकाने आनंदला हरवले आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाची व जाणकारांची मदत घेतल्याचे कबूल करून माफी मागितली.

तपासणारा संगणक खेळाडूची प्रत्येक खेळी स्वतःच्या सर्वोत्तम खेळीशी ताडून पाहतो. खेळीमुळे झालेले नुकसान तो प्याद्याच्या शतांशात मोजतो. नुकसान ५० म्हणजे अर्धे प्यादे गमावल्यासारखे. पण नुसती सरासरी काढून भागत नाही. सुरुवातीच्या पाठ केलेल्या खेळ्या वगळाव्या लागतात. मारलेले मोहरे परत मारण्यासारख्या, दुसरा पर्यायच नसलेल्या खेळ्याही वगळाव्या लागतात. त्या कुणीही बरोबरच खेळेल. शिवाय घड्याळ पाहिले जाते. माणूस सोप्या खेळीला एक सेकंद घेतो आणि अवघड जागी मिनिटभर अडतो. सोपी असो वा अवघड, प्रत्येक खेळी सहा-सात सेकंदांनी येऊ लागली, तर शंकेला जागा आहे.

इतके करूनही मिळते ती संभाव्यताच. इथे थोडे गणित करू. खालचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा १०,००० खेळाडू आहेत आणि त्यांतले १०० लबाडी करतात. आपली कसोटी लबाडांपैकी ९५ टक्के पकडते आणि प्रामाणिक खेळाडूंपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून बोट ठेवते. कसोटी उत्तम वाटते ना? आता मोजा. पकडलेले लबाड ९५. प्रामाणिक ९,९०० पैकी १ टक्का म्हणजे ९९. एकूण १९४ जणांवर ठपका आला आणि त्यांतले निम्म्याहून अधिक निरपराध निघाले! कसोटी वाईट नव्हती. प्रामाणिक माणसांची संख्याच मुळात फार मोठी होती.

मग कसोटी कडक करू. प्रामाणिकांपैकी १०,००० त एकावरच चूक होईल, अशी. त्या बदल्यात समजा १०० लबाडांपैकी ६० च सापडले. आता ठपका आलेल्या ६१ जणांत निरपराध साधारण एक. चाळीस लबाड सुटले, पण ९८ निरपराध वाचले. किती लबाड सुटू द्यायचे आणि किती निरपराधांना धोक्यात घालायचे, हा निर्णय गणित करून देत नाही. तो आपल्याला करावा लागतो. मुलांशी चर्चा करायला याहून चांगला विषय क्वचितच मिळेल.

दुसरी फसगत ओळीने मिळालेल्या विजयांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये माजी जगज्जेता क्रामनिक याने अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा याच्या ऑनलाइन कामगिरीबद्दल जाहीर शंका घेतली. नाकामुराने ४६ डावांत साडेपंचेचाळीस गुण मिळवले होते. हे अशक्य वाटते. पण मानांकनाची पद्धत काय सांगते पाहा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बसवलेल्या आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारलेल्या या पद्धतीत, प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनातून आपले वजा करायचे, फरकाला ४०० ने भागायचे, येणारी संख्या १० चा घातांक धरायची, त्यात १ मिळवायचा आणि १ ला त्या बेरजेने भागायचे. उत्तर म्हणजे एका डावातून अपेक्षित गुण. प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा ४०० ने दुबळा असेल तर हे उत्तर १०/११ येते. बरोबरीचे डाव सोडून दिले, तर असे ४६ डाव सलग जिंकण्याची शक्यता सुमारे ८० त एक. नाकामुरा त्या संकेतस्थळावर तीस हजारांहून अधिक डाव खेळला होता. तीस हजारांत ४६-४६ चे साडेसहाशे गट पडतात. सगळे प्रतिस्पर्धी काही इतके दुबळे नव्हते, तरी त्यांतला एक देदीप्यमान गट निवडून 'हे कसे शक्य आहे?' असे विचारणे म्हणजे भिंतीवर बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढण्यासारखे झाले. संकेतस्थळाने डाव तपासले आणि अशी मालिका अपेक्षेत बसते, असा निर्वाळा दिला.

हेच सूत्र आम्ही आमच्या त्या डावाला लावले. दीडशेने दुबळ्या खेळाडूचे अपेक्षित गुण सुमारे ०.३ येतात. म्हणजे शंभर डावांत त्याला तीस गुण मिळायचेच. त्यांतला एक डाव त्या रात्री आमच्या वाट्याला आला, इतकेच.

हे वर्गात करून पाहता येते. चाळीस मुलांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. एखाद्या मुलाला पाचही वेळा छाप पडण्याची शक्यता ३२ त एक. पण चाळिसांत निदान एकाला तसे पडण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के. पाच छापा पडलेला मुलगा सापडला की त्याला उभे करा आणि वर्गाला विचारा, 'याने लबाडी केली का?' उत्तरावर पोरे भांडतील. भांडू द्यावे. नंतर फळ्यावर गणित मांडावे.

मग तक्रारीचे बटण निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. लाखो डावांतून नेमके कुठे पाहायचे, हे तक्रारीमुळे कळते. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा चौघांनी वेगवेगळ्या दिवशी एकाच खात्याकडे बोट दाखवले, तर तपासायला सुरुवात करतानाच शंका वजनदार असते. पण एकाच गटातल्या दहा मित्रांनी मिळून बटण दाबले, तर ती तक्रार एकच, दहा नव्हेत. तपासाअंती लबाडी ठरली, तर खाते बंद होते आणि मोठ्या संकेतस्थळांवर हरलेल्यांना गमावलेले मानांकन परतही मिळते. म्हणून बटण दाबावे, पण गाजावाजा करू नये.

आम्ही स्वतःसाठी तीन नियम केले आहेत. हरल्या रात्री तक्रार करायची नाही, सकाळी डाव पाहायचा. शंका उरली तर बटण दाबायचे आणि गप्प राहायचे, प्रतिस्पर्ध्याला किंवा चारचौघांत काही बोलायचे नाही. आणि निकाल लागेपर्यंत समोरच्याला प्रामाणिक धरायचे.

तिसरा नियम वर्गासाठी सर्वांत महत्त्वाचा. संकेतस्थळावरचे खाते बंद झाले तर नवे उघडता येते. पण आठवीतल्या एखाद्या मुलीने शाळेच्या विजेत्याला हरवले आणि वर्गाने तिला लबाड ठरवले, तर तिला दुसरा वर्ग कुठून मिळणार? तिच्यावर बोट उगारण्याआधी तिने खेळलेला डाव फळ्यावर मांडावा आणि तिलाच विचारावे, 'ही खेळी तुला कशी सुचली?' जिने ती स्वतः शोधली असेल, ती सांगताना थांबणार नाही.