मिडवाइफ व्हायचंय? कॉलेजमध्ये असतानाच आखा वाट

कॉलेजच्या कँटीनमध्ये करिअरचा विषय निघाला की बँक, आयटी, स्पर्धा परीक्षा ही नावं लगेच पुढे येतात. 'मला मिडवाइफ व्हायचंय' असं एखादी म्हणाली, तर सगळे क्षणभर तिच्याकडे बघतच राहतात. घरी सांगितलं तर 'म्हणजे सुईण? त्यासाठी एवढं शिकवलं का तुला?' असा प्रश्न ठरलेला.

तुमच्याही मनात हे क्षेत्र घोळत असेल, तर आधी त्या प्रश्नाचं उत्तर समजून घ्या. मग वाट आखणं सोपं जाईल.

सुईण आणि मिडवाइफ, फरक काय?

गावातली सुईण अनुभवातून शिकायची. आजची मिडवाइफ, म्हणजेच प्रसाविका, शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन आणि कौन्सिलकडे नोंदणी करून काम करते. गरोदरपणातली तपासणी, कळा सुरू असतानाची देखरेख, नैसर्गिक प्रसूती, बाळाची पहिली काळजी आणि आईचं स्तनपान हे सगळं तिच्या कामात येतं.

प्रसूतिगृहात ती दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकते, प्रसूतीची प्रगती आलेखावर नोंदवते, बाईला धीर देते. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन देते. सिझेरियन ती करत नाही. पण रक्तदाब वाढतोय, रक्त जास्त जातंय, बाळ दमतंय हे वेळेत ओळखून डॉक्टरांना बोलावणं हे तिचंच काम. तिच्या या नजरेवर दोन जीव अवलंबून असतात.

या कामाची गरज का वाढतेय?

देशात दर 1 लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू 2014-16 मध्ये 130 होते. ते 2018-20 मध्ये 97 वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या आकडेवारीनुसार सुमारे 89 टक्के प्रसूती आता दवाखान्यात होतात. त्याच सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतल्या जवळपास 47 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचं दिसतं.

म्हणजे बाई दवाखान्यात पोहोचतेय, पण तिथे तिच्या उशाशी थांबणारं, घाई न करणारं प्रशिक्षित माणूस कमी पडतंय. म्हणूनच केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि खास प्रशिक्षित मिडवाइफचं नवं पद आखलं.

दरवाजा नर्सिंगमधून उघडतो

आपल्याकडे नर्सिंग आणि मिडवाइफरी एकत्र शिकवली जाते. त्यामुळे पहिली पायरी नर्सिंगचीच. मुख्य वाटा तीन आहेत.

एएनएम: 2 वर्षांचा अभ्यासक्रम, फक्त मुलींसाठी. आर्ट्स किंवा सायन्सने बारावी झालेल्यांना चालतो. पुढे उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून काम मिळू शकतं.

जीएनएम: 3 वर्षांचा डिप्लोमा. सायन्सला प्राधान्य असलं, तरी इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. बारावीला इंग्रजी विषय आणि किमान 40 टक्के गुण हवेत. मुलांनाही ही वाट खुली आहे.

बीएस्सी नर्सिंग: 4 वर्षांची पदवी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गासाठी साधारण 45 टक्के गुणांची अट असते. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी सीईटी द्यावी लागते, इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत.

जीएनएम किंवा बीएस्सीनंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की तुम्ही नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका होता. त्यानंतर 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हा 18 महिन्यांचा खास अभ्यासक्रम करता येतो. त्यासाठी प्रसूतिगृहातल्या कामाचा अनुभव लागतो. शिकवण्याची आवड असेल, तर बीएस्सीनंतर प्रसूती आणि स्त्रीरोग परिचर्या या विषयात एमएस्सीही आहे.

तुम्ही आज कुठे उभ्या आहात?

सायन्स घेऊन बारावी झाली असेल आणि सध्या साध्या बीएस्सीला असाल, तर पुढच्या सीईटीची तयारी लगेच सुरू करा. प्रवेश बारावीच्या विषयांवर ठरतो, त्यामुळे तुमची वाट बंद झालेली नाही.

बीए किंवा बीकॉमला असाल, तर एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. ही पदवी पूर्ण केल्याने बीएस्सी नर्सिंगचा प्रवेश मिळत नाही, कारण तिथे बारावीचं बायोलॉजी लागतं. तुमच्यासाठी जीएनएम हाच सरळ रस्ता. नंतर 2 वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करून नर्सिंगची पदवीही मिळवता येते.

आता वर्षांचा हिशेब मांडा. समजा 19 व्या वर्षी जीएनएम सुरू केलं. ते 22 व्या वर्षी पूर्ण होईल. दोनेक वर्षं लेबर रूममध्ये काम आणि मग 18 महिन्यांचं खास प्रशिक्षण धरलं, तर साडेपंचविसाव्या वर्षी तुम्ही पूर्ण तयार मिडवाइफ असाल. शेवटच्या वर्षाला असाल, तर आधी पदवी पूर्ण करा. पहिल्याच वर्षाला असाल, तर घरच्यांसोबत बसून आताच निर्णय घ्या, दोन वर्षं वाचतील.

फी भरण्याआधी हे तपासा

नर्सिंग कॉलेज निवडताना झगमगत्या जाहिरातीला भुलू नका. कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि राज्य कौन्सिलच्या यादीत आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवर स्वतः बघा. मान्यता नसेल, तर नोंदणी होणार नाही आणि ते प्रमाणपत्र नोकरीच्या कामाचं राहणार नाही. नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी 2023 मध्ये नवा राष्ट्रीय आयोग कायदा झाला आहे. त्यामुळे नियमांची ताजी सूचना वाचूनच अर्ज करा.

दुसरा प्रश्न कॉलेजला थेट विचारा: विद्यार्थ्यांना प्रसूतीचा सराव कोणत्या दवाखान्यात मिळतो आणि तिथे महिन्याला किती प्रसूती होतात? जिथे लेबर रूम रिकामी असते, तिथे मिडवाइफरी शिकता येत नाही. शिकत असलेल्या सीनियर मुलींशी बोला, खरं चित्र त्याच सांगतील.

आत्तापासून काय करता येईल?

भाषा पक्की करा. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की बेळगावला, मराठीसोबत तिथली भाषा येत असेल, तर कळा देणाऱ्या बाईशी तुम्ही तिच्या शब्दांत बोलू शकाल. एनएसएसच्या आरोग्य शिबिरात नाव द्या. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला किंवा आशाताईंना त्यांचा दिवस कसा जातो, ते विचारा. आपल्याला रक्त बघवतं का, रात्रीचं जागरण झेपतं का, हेही स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

परदेशाचं स्वप्न असेल, तर एक फरक लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाइफ यांची नोंदणी वेगवेगळी असते. इथली नोंदणी झाली म्हणजे तिथे मिडवाइफ म्हणून आपोआप काम मिळत नाही. ज्या देशात जायचं, तिथले नियम आधी वाचा.

घरच्यांना कसं सांगाल?

आईबाबांच्या शंका खोट्या नाहीत. रात्रपाळी असते, कामाचा ताण असतो, खासगी दवाखान्यांत सुरुवातीचा पगार कमीही असू शकतो. प्रत्येक प्रसूती आनंदात संपत नाही, तेही पचवावं लागतं. हे लपवू नका. त्यासोबत नोंदणी, सरकारी भरती आणि पुढच्या शिक्षणाची माहिती कागदावर मांडून दाखवा. आईला किंवा आजीला तिच्या बाळंतपणाबद्दल विचारा. त्या वेळी कुणी हात धरला होता, कोण ओरडलं होतं, हे बायका आयुष्यभर विसरत नाहीत. हे काम का करायचंय, ते तुम्हाला वेगळं समजावावं लागणार नाही.

या आठवड्यात तीनच गोष्टी करा: बारावीची गुणपत्रिका समोर ठेवून कोणती वाट खुली आहे ते ठरवा, मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी काढा आणि काम करणाऱ्या एका तरी परिचारिकेशी बोला.