विमानाच्या तुकड्यांची साक्ष

गाडीत जोंधळ्याचे पोते असते. वाटेत ते उसवते. घरी येऊन पाहावे, तर पोते अर्धे रिकामे! मग आपण काय करतो? आल्या वाटेने मागे जातो. जिथे पहिला दाणा दिसतो, तिथे पोते उसवले, हे आपण ओळखतो. पडलेल्या विमानाची तपासणी करणारेही असाच माग काढतात.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी चिकलठाण्याहून इंडियन एअरलाइन्सचे विमान मुंबईला निघाले. आत ११८ माणसे होती. धावपट्टीच्या पुढेच बीडचा रस्ता. त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता. विमान पुरेसे उठले नव्हते. त्याची डावीकडची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकाला धडकला. पुढे ते विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. ५५ माणसे दगावली.

अशा वेळी तपासणारे आधी मोजमाप घेतात. कोणता तुकडा कुठे पडला, ते नकाशावर मांडतात. जो भाग वाटेत सर्वांच्या आधी गळाला, तिथून विचार सुरू होतो. तुकडे कोसभर विखुरले, तर विमान बहुधा आकाशातच मोडले. सारे एका जागी असले, तर ते अखंड येऊन आदळले. हलका पत्रा वाऱ्याने दूर जातो, म्हणून वाराही विचारात घेतात.

पण तुकडे काय घडले ते सांगतात. का घडले, ते सगळे सांगत नाहीत. त्यासाठी विमानातल्या नारिंगी पेटीतल्या नोंदी पाहतात, माणसांच्या साक्षी घेतात. औरंगाबादच्या चौकशीत दोन चुका निघाल्या. विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या रीतीने उचलले गेले. आणि विमानाच्या वेळेस रस्त्यावरची वाहने थांबवली गेली नव्हती. नुसता ट्रक पाहून ट्रकवाल्याला दोष दिला असता, तर खरे कारण झाकून राहिले असते.

म्हणून मंडळी, आम्ही एवढेच सांगतो. असा प्रसंग कुठे आलाच, तर आधी जखमींना सोडवा. त्यासाठी पत्रा हलवावा लागला, तर हलवा. कुठून हलवला, ते पोलिसांना सांगा. पण एकही तुकडा घरी नेऊ नका. वाटेवरचे दाणे उचलले, तर पोते कुठे उसवले ते कसे कळणार?