ओढ्याला बांध घालण्याआधी

पावसाळ्यात ओढा काठ खातो आणि बघता बघता चार सऱ्यांची जमीन वाहून जाते. त्यासाठी दगडी पिचिंग, जाळीचा बंधारा ही कामे हवीतच. पण यंत्र काठावर चढण्याआधी एक सकाळ काढा आणि कापला गेलेला काठ नीट न्याहाळा.

आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, की भिंतींची माती, चुलीची राख, शेण, हाडे साचून जमीन पांढुरकी होते. पाणी जवळ हवे म्हणून जुन्या वस्त्या नदी-ओढ्याकाठीच वसल्या. शिरूर तालुक्यातले घोड नदीकाठचे इनामगाव असेच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभरावर घरे उजेडात आली. ही माणसे सातू पिकवत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनीही दगडमातीचा बांध घातला होता!

काठ कसा पाहावा? पहिल्या पावसाने माती धुतली की जावे. राखेचा पट्टा, चोपलेल्या जमिनीची आडवी रेघ, भाजलेली माती, हाडे, तांबड्या खापरावर काळी नक्षी दिसते का ते बघावे. एखादे खापर वरून वाहत आलेले असू शकते; थरात रुतलेली अनेक दिसली तर तेथे वस्ती असावी असे समजावे. खापर उपटू नये, कारण ते कोणत्या थरात आहे यावरून त्याचा काळ ठरतो. फोटो काढावा, खूण करावी आणि तहसीलदारांना व पुरातत्त्व खात्याला कळवावे.

"खाते आले की शेत गेले," अशी धास्ती असते. नुसती खापरे मिळाली म्हणून शेत जात नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात स्थळ संरक्षित करण्याआधी दोन महिन्यांची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. संरक्षित झाल्यावर मात्र बांधकामावर बंधने येतात. मोलाची वस्तू निघाल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा धातूच्या मूर्ती मिळाल्या. त्या मोडीत गेल्या असत्या, तर केवढा ठेवा बुडाला असता!

ओढाही दरवर्षी पांढरी खातोच. नीट आखलेला बंधारा तिलाही वाचवतो. बंधारा चार हात वर-खाली सरकवता येतो. एकदा उकरलेली पांढरी पुन्हा रचता येत नाही.